शितावरून भाताची परीक्षा

आपल्या भाषेत एक जुनी म्हण आहे : शितावरून भाताची परीक्षा. चुलीवरचा भात शिजला की नाही हे पाहावयाचे असले म्हणजे गृहिणी सारे पातेले उपसत नाही. एक शीत बोटांत धरून चेपते आणि निर्णय देते. शास्त्रीय परीक्षेची ही रीत आपल्या स्वयंपाकघरांत प्रयोगशाळांच्या कितीतरी आधीपासून नांदत आली आहे. परंतु ते शीत ज्या दाण्याचे झाले तो दाणा कोठे पिकला, कोणत्या रोगातून वाचला आणि त्यासाठी कोण किती वर्षे खपले, हे विचारण्याची सवय मात्र आम्हां शहरवासीयांना राहिलेली नाही. सुलतान बाजारासारख्या गजबजलेल्या वस्तीत राहणाऱ्यांची धान्याशी ओळख होते ती किराणा दुकानातील पोत्यापाशी, आणि ती संपते ताटापाशी.

हैदराबादेत राहणाऱ्यांना तर हे अज्ञान मुळीच शोभत नाही. राजेंद्रनगरला भाताचे संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे आणि ज्वारी-बाजरीसारख्या भरडधान्यांची संस्थाही तेथेच आहे. हबसीगुड्याला पेशी व रेणू यांच्या जीवशास्त्राचे केंद्र आहे. लोक त्याला 'सीसीएमबी' ह्या आद्याक्षरांनी ओळखतात. तार्नाक्याला राष्ट्रीय पोषण संस्था आहे. ती १९१८ साली कुन्नूर येथे सुरू झाली व १९५८ साली येथे आली. शहराबाहेर पटांचेरूला १९७२ साली स्थापन झालेली 'इक्रिसॅट' ही आंतरराष्ट्रीय संस्था ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा व भुईमूग ह्या कोरडवाहू पिकांवर काम करीत आली आहे. हीच तर मराठवाड्याच्या घराघरांतील भाकरी आणि वरण! ह्या संस्थांतून वनस्पतींचा व सूक्ष्मजीवांचा अभ्यास करणारे कितीतरी तरुण-तरुणी काम करीत असतात. त्यांचे काम प्रयोगशाळेत पुरे होते काय, की जो पिकवतो आणि जो खातो त्यांच्यापुढे जाऊन, त्यांच्या प्रश्नांना उत्तरे देऊन, मगच ते पुरे होते, ह्या प्रश्नाचा विचार आम्ही येथे करणार आहोत. त्यासाठी फार दूर जावयास नको. आपल्याच शहराशी निगडित अशा एका तांदळाची हकीकत पुरेशी आहे.

ह्या तांदळाचे नाव सांबा महसुरी. दुकानदार त्याला 'बीपीटी' म्हणतात, कारण तो बापटला येथील संशोधन केंद्रात तयार झाला व 'बीपीटी-५२०४' ह्या क्रमांकाने १९८६ साली शेतकऱ्यांच्या हाती आला. त्याच्या पूर्वजांपैकी महसुरी हे वाण मलेशियातून आलेले. दाणा बारीक, भात मऊ व मोकळा, त्यामुळे तेलंगण, आंध्र, कर्नाटक अशा अनेक प्रांतांत त्याला मोठी मागणी आली. परंतु ह्या गुणी वाणात एक मोठे वैगुण्य होते. कडा करपा ह्या रोगापुढे ते टिकत नसे.

कडा करपा हा एका जिवाणूमुळे होणारा रोग होय. पानाच्या कडेला पाणी बाहेर टाकणारी सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून किंवा वाऱ्यापावसाने झालेल्या जखमांतून हा जिवाणू पानात शिरतो आणि पाणी वाहून नेणाऱ्या नलिकांत वाढू लागतो. मग पानाच्या टोकाकडून कडेने नागमोडी पिवळसर पट्टा उतरू लागतो आणि पान गवतासारखे वाळते. हा रोग ओळखण्याची एक साधी रीत आहे. रोगट पानाचा ताजा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या पेल्यात उभा धरावा. थोड्या वेळाने कापलेल्या टोकातून दुधासारखा धूसर स्राव पाण्यात उतरताना दिसतो. तो स्राव म्हणजे असंख्य जिवाणूंची रांगच होय. सूक्ष्मदर्शक यंत्र नसताना, बांधावर उभे राहून, केवळ एका पेल्याच्या साहाय्याने अदृश्य शत्रू दाखविता येतो. लोकशिक्षणाचे ह्याहून सोपे आणि परिणामकारक साधन दुसरे कोणते असू शकेल?

ह्या रोगावर खात्रीचा रासायनिक उपाय नाही. तेव्हा रोपातच प्रतिकारशक्ती आणणे हाच मार्ग उरला. सीसीएमबी आणि राजेंद्रनगरची भात संस्था ह्या दोघींनी मिळून हे काम हाती घेतले. रोगाला अटकाव करणारी तीन जनुके एकत्र असलेले एक भाताचे वाण उपलब्ध होते. त्यांपैकी एक जनुक मूळचे आफ्रिकेतील एका रानटी भाताचे. तीन जनुके एकदम घेण्याचे कारण असे की, जिवाणू हा मोठा चलाख शत्रू आहे. एक कुलूप तो काही वर्षांत उघडावयास शिकतो. तीन कुलपे एकाच वेळी उघडणे त्याला कठीण जाते.

परंतु खरी कसोटी पुढेच होती. संकर केला म्हणजे रोगप्रतिकारकतेबरोबर दुसऱ्या वाणाचे नको असलेले गुणही येतात. दाणा जाड होईल, भात चिकट होईल, आणि मग तो रोगमुक्त असूनही कोणी विकत घेणार नाही! म्हणून संशोधकांनी संकरित रोपांचा पुन्हा पुन्हा मूळ सांबा महसुरीशीच संकर केला. पहिल्या संकरात दोघांचा वाटा निम्मा-निम्मा असतो. मूळ वाणाशी चार वेळा परतसंकर झाल्यावर सरासरीने शंभरात सत्त्याण्णव वाटे सांबा महसुरीचे उरतात. प्रत्येक पिढीत कोवळ्या पानाचा तुकडा घेऊन इष्ट जनुके आली आहेत की नाहीत हे रासायनिक खुणांवरून पाहिले जाई, त्यामुळे वर्षानुवर्षांचा वेळ वाचला. अशा रीतीने सिद्ध झालेले 'सुधारित सांबा महसुरी' हे वाण २००८ साली प्रसृत झाले. पुढे असेही आढळले की, त्याचा भात खाल्ल्यावर रक्तातील साखर तुलनेने मंद गतीने वाढते. ही गती मोजण्याचा जो निर्देशांक आहे तो ह्या तांदळाचा सुमारे ५१ भरला, आणि ५५ किंवा त्याहून कमी निर्देशांक असलेले अन्न ह्या दृष्टीने चांगले मानतात.

ह्या हकीकतीतील एक गोष्ट आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते. चार वेळा परतसंकर करण्याचा खटाटोप कशासाठी झाला? सामान्य माणसाच्या जिभेसाठी! म्हणजे ताटावर बसणारा मनुष्य नकळत त्या प्रयोगाचा परीक्षक होता. शेतकऱ्याचा अनुभव आणि ग्राहकाची आवड ह्या गोष्टी विज्ञानाच्या बाहेरच्या नव्हेत. त्या त्याच्या कसोट्या आहेत. जो तरुण शास्त्रज्ञ लोकांत मिसळत नाही, त्याला ह्या कसोट्यांची ओळख कोठून होणार?

लोकांत मिसळण्याचे हे शिक्षण आपल्या शेजारच्या महाराष्ट्रात पदवीच्या अभ्यासक्रमातच घातलेले आहे. राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील कृषी विद्यापीठांच्या अखेरच्या वर्षाचे विद्यार्थी काही महिने खेड्यांत राहून काम करतात. गावकरी त्यांना 'कृषिदूत' व 'कृषिकन्या' म्हणून ओळखतात. परभणीचा आणि आपला संबंध तर जवळचा. १९५६ पर्यंत मराठवाडा व हैदराबाद एकाच राज्यात होते. ही मुले गावाचा नकाशा काढतात, मातीचे नमुने कसे घ्यावेत ते दाखवितात, निंबोळी अर्क करून देतात आणि बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक करतात.

बीजप्रक्रियेचेच उदाहरण घ्या. हवेत शंभरात अठ्ठ्याहत्तर भाग नत्र आहे, पण पिकाला तो हवेतून घेता येत नाही. तूर, हरभरा, भुईमूग ह्यांच्या मुळांवरील गाठींत रायझोबियम नावाचे जिवाणू राहतात. ते हवेतील नत्र पिकाला उपयोगी पडेल अशा रूपात आणतात आणि मोबदल्यात पिकाकडून साखर घेतात. दहा किलो बियाण्यास अडीचशे ग्रॅम जिवाणू-खत गुळाच्या थंड केलेल्या पाण्यात कालवून चोळावयाचे, बी सावलीत वाळवावयाचे आणि लगेच पेरावयाचे, एवढाच हा विधी. पण त्यात 'थंड केलेल्या' आणि 'सावलीत' हे शब्द विसरले तर सारे व्यर्थ! कारण पुडीत आहेत ते जिवंत जीव. ऊन आणि उष्णता त्यांना मारते. 'असे करा' एवढेच सांगितले तर मनुष्य विसरतो; 'असे का' हे सांगितले तर तो जन्मभर लक्षात ठेवतो. आणि पीक महिना-दीड महिन्याचे झाल्यावर रोप हलकेच उपटून गाठ चिरून दाखविली, आतून ती गुलाबी निघाली, म्हणजे जिवाणू कामाला लागले आहेत हे शेतकऱ्याला स्वतःच्या डोळ्यांनी पटते. मग त्याला कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवण्याची गरज उरत नाही.

हा 'का' जेथे लोकांपर्यंत पोहोचला नाही, तेथे काय घडते तेही पाहिले पाहिजे. २००२ साली आपल्या देशात बीटी कापसास परवानगी मिळाली. 'बीटी' हे मातीत आढळणाऱ्या एका जिवाणूच्या नावाचे संक्षिप्त रूप. ह्या जिवाणूचे एक प्रथिन बोंडअळीच्या आतड्यात गेले म्हणजे अळी मरते. त्या प्रथिनाचे जनुक कापसात घातले गेले. त्याबरोबर शेतकऱ्यांना साध्या कापसाच्या बियाण्याची एक लहान पुडीही दिली जाई व ते बी शेताच्या कडेने लावावे अशी अपेक्षा असे. त्यामागील तर्क असा : साध्या कापसावर वाढलेल्या अळ्यांना प्रथिनाची सवय नसते, त्यांचे पतंग प्रतिकारक पतंगांशी मिसळत राहिले म्हणजे साऱ्या जातीत प्रतिकारशक्ती लवकर पसरत नाही. हा तर्क ज्याला कोणी समजावून दिला नाही, त्या शेतकऱ्याने ती पुडी निरुपयोगी समजून फेकून दिली तर त्याला दोष कसा द्यावा? गुलाबी बोंडअळी ह्या प्रथिनांना दाद देईनाशी झाली, त्याच्या अनेक कारणांपैकी हे एक कारण होते. २०१७ साली महाराष्ट्रातील कापसाचे तिने अतोनात नुकसान केले.

त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. अनेक औषधे एकत्र मिसळणे, नाकातोंडावर व अंगावर संरक्षक आवरण नसणे, डोक्याएवढ्या वाढलेल्या पिकात शिरून फवारणी करणे, अशी कारणे पुढे आली. ज्ञान पुस्तकांत होते. डब्यावरील बारीक अक्षरांतही होते. परंतु पाठीवर पंप घेतलेल्या मजुराच्या कानी ते त्याच्या बोलीत पोहोचले नव्हते. शास्त्र आणि समाज ह्यांतील अंतर असे प्राणांवर बेतते. लोकांशी बोलणे हा शास्त्रज्ञाचा फावल्या वेळचा छंद नव्हे, हे ह्याहून स्पष्टपणे दुसरे काय सांगू शकेल?

आणि बोलणे म्हणजे केवळ सांगणे नव्हे; ऐकणेही होय. ऑक्टोबर २००९ मध्ये बीटी वांग्याला सरकारी समितीची संमती मिळाली, तेव्हा देशभर वाद उठला. तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश ह्यांनी सात शहरांत जाहीर सभा घेऊन लोकांचे म्हणणे ऐकले. त्यांत नागपूर होते आणि आपले हैदराबादही होते. येथील सभा ३१ जानेवारी २०१० रोजी झाली. शास्त्रज्ञ, शेतकरी, वैद्य, ग्राहक असे सुमारे आठ हजार लोक ह्या सभांना उपस्थित होते. ९ फेब्रुवारी २०१० रोजी मंत्र्यांनी ह्या वांग्यास स्थगिती दिली. शेजारच्या बांगलादेशाने मात्र २०१३ साली त्यास परवानगी दिली. ह्यांपैकी कोणाचे बरोबर, ह्यावर आजही जाणत्यांत मतभेद आहेत आणि त्याचा निवाडा करण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु त्या सभांत जे प्रश्न विचारले गेले ते ध्यानात ठेवण्यासारखे आहेत : चाचण्या कोणी केल्या? त्या किती काळ चालल्या? बियाण्यावर मालकी कोणाची? आमच्या देशी वांग्यांचे काय होईल? ह्यांतील काही प्रश्न प्रयोगशाळेचे आहेत, तर काही समाजाचे व अर्थकारणाचे. दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नास पहिल्या प्रकारचे उत्तर देऊन भागत नाही. 'हे अन्न विषारी नाही' असे सिद्ध केले तरी 'बी कोणाचे?' हा प्रश्न शिल्लक राहतोच.

हेच प्रश्न आज पुन्हा आपल्या दारी आले आहेत. ४ मे २०२५ रोजी जनुक-संपादनाने तयार केलेल्या दोन भारतीय भातवाणांची घोषणा झाली. त्यांपैकी 'कमला' हे वाण राजेंद्रनगरच्या संस्थेचे, आणि त्याचे मूळ पुन्हा तेच, सांबा महसुरी! येथे रोपाच्या स्वतःच्याच एका जनुकात नेमका बदल केलेला आहे. अंतिम रोपात बाहेरचे जनुक ठेवलेले नाही. उत्पन्न सुमारे एकोणीस टक्के अधिक येते व पीक सुमारे वीस दिवस आधी तयार होते, असे संशोधकांचे म्हणणे आहे. दुसरीकडे, चाचण्यांची आकडेवारी सर्वांसाठी खुली करावी आणि ह्या तंत्रावरील हक्क कोणाचे ते स्पष्ट करावे, अशा मागण्याही झाल्या आहेत. संकर, परके जनुक घालणे आणि जनुकाचे संपादन ह्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. १९८६, २००८ आणि २०२५ ह्या तीन टप्प्यांतील पहिले दोन संकराचे होते व तिसरा संपादनाचा. हा भेद ज्याला कळत नाही तो एक तर सर्वांनाच भितो, नाहीतर सर्वांनाच टाळ्या वाजवितो. दोन्ही गोष्टी सारख्याच घातक होत.

येथे आपल्या म्हणीकडे पुन्हा एकदा पाहू. एका शितावरून भाताची परीक्षा होते, हे खरे, पण केव्हा? पातेल्यातील भाताला सर्वत्र सारखी आच लागली असेल तेव्हा! तळ करपलेला आणि वरचा भात कच्चा असेल, तर वरचे एक शीत काहीच सांगत नाही. त्याचप्रमाणे एका शेतातील घवघवीत पीक दाखवून 'हे वाण सर्वत्र यशस्वी' असे म्हणता येत नाही, आणि एका शेतातील नुकसान दाखवून 'हे शास्त्रच खोटे' असेही म्हणता येत नाही. काळी जमीन, लाल जमीन, पावसाचे वर्ष, दुष्काळाचे वर्ष, अशी ठिकठिकाणची शिते चेपून पाहावी लागतात. तरुण शास्त्रज्ञाने लोकांपुढे जाताना आपल्याला ठाऊक असलेले जितक्या स्पष्टपणे सांगावे, तितक्याच स्पष्टपणे अद्याप तपासावयाचे काय राहिले आहे तेही सांगावे. त्याने त्याची प्रतिष्ठा कमी होत नाही. उलट दुसऱ्या दिवशी त्याच्या शब्दाला अधिक वजन येते.

मराठी माणसाला ह्या कामाची परंपरा आहे. वर्ध्याचे डॉ. पांडुरंग खानखोजे स्वातंत्र्यासाठी गदर चळवळीत पडले, देशोदेशी भटकले आणि अखेर मेक्सिकोत कृषिशास्त्रज्ञ म्हणून स्थिरावले. मक्याच्या संकरावर त्यांनी संशोधन केले. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. तेथील गरीब शेतकऱ्यांसाठी त्यांनी मुक्त कृषिशाळा काढल्या. दिएगो रिव्हेरा ह्या जगद्विख्यात चित्रकाराने मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयातील भित्तिचित्रात त्यांना भाकरी वाटणाऱ्याच्या रूपात रंगविले आहे. आयुष्याच्या उत्तरार्धात ते स्वदेशी परतले आणि १९६७ साली नागपुरास निवर्तले. परभूमीत, परभाषा शिकून, शेतकऱ्यांच्या पंक्तीला बसून त्यांनी शास्त्र शिकविले. आपल्या तरुणांना तर स्वभाषेतच बोलावयाचे आहे!

स्वभाषेचा हा मुद्दा आम्हां सुलतान बाजारच्या विद्यार्थ्यांस विशेष लागू आहे. आम्ही घरी व शाळेत मराठी बोलतो, रस्त्यात दखनी हिंदी बोलतो, शेजाऱ्यांशी तेलुगू बोलतो आणि शास्त्राची पुढील पुस्तके इंग्रजीत वाचतो. संशोधन इंग्रजीत लिहिले जाते आणि शेत तेलुगूत, मराठीत, कन्नडात कसले जाते. ह्या दोहोंमध्ये पूल बांधणारी माणसे आमच्यासारख्या बहुभाषी मुलांतून निघणार नाहीत तर कोठून? 'जिवाणू' आणि 'विषाणू' ह्यांतील फरक आजीला समजेल असा सांगता येणे, ही शास्त्राच्या परीक्षेतील उत्तीर्णतेहून लहान गोष्ट नव्हे.

तेव्हा, विद्यार्थिमित्रहो, आपल्या शहरातील संशोधनसंस्था जेव्हा शाळकरी मुलांसाठी दारे उघडतात तेव्हा तेथे अवश्य जावे. केवळ यंत्रे पाहून विस्मित होऊ नये, प्रश्न विचारावेत. हे काम कशासाठी? कोणाच्या शेतात पाहिले? किती वर्षे पाहिले? न जमलेले काय? घरी ताटावर बसल्यावर तांदळाचे नाव विचारावे, डाळ कोणत्या जिल्ह्यातील ते विचारावे. आज जे प्रश्न विचारतील, त्यांच्यातीलच काहीजण उद्या उत्तरे शोधतील, आणि त्या वेळी त्यांच्यापुढे उभ्या राहिलेल्या शेतकऱ्याचा प्रश्न ते तुच्छ लेखणार नाहीत. ज्या देशात पिकविणारा, खाणारा आणि शोधणारा हे तिघे एकमेकांशी बोलतात, त्या देशाच्या अन्नाला परक्या भीतीचे किंवा परक्या भुलीचे भय नाही. हे बोलणे सुरू ठेवणे हे आपल्या पिढीचे कर्तव्य होय, असे आम्हांस वाटते.